दुधात मळलेला मका

लोक आठ दिवस हवा पालटायला जातात. बाकीचं वर्षभर ते घर कोणीतरी राखतं. मांडवच्या डोंगरावर, अगदी कड्याला लागून असं एक घर होतं, ते आम्ही नवराबायको राखत होतो. घर धारच्या एका अंमलदाराचं. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. दगडी जोतं, वर कौलं, पुढे लांब ओसरी. ओसरीत बसलं की खाली सगळा निमाड दिसायचा. साहेब म्हणायचे, "इथे आलं की कशी भूक लागते बघा." आम्हाला भूक सगळीकडेच लागायची, म्हणून मी काही बोलायची नाही.

मी देवासची, धाकट्या पातीची, म्हणजे धाकट्या संस्थानातली. बाप पागेत घोड्यांचं करायचा. लग्न होऊन धारला आले तर दोन वर्षांत सासू-सासरे गाठीच्या तापात गेले, एकाच महिन्यात. दिराने चूल वेगळी मांडली आणि दार लावून घेतलं. तेव्हा साहेबांनी आमच्या माणसाला डोंगरावर राखणीला ठेवलं. गोठ्यामागे एक खोली दिली. ती खोली म्हणजे आमचं सगळं होतं. माहेरी आई नव्हती, सासरी दार नव्हतं.

त्या साली भादव्यात लकडीची गाडी घाटात उलटली आणि चाक ह्यांच्या पायावरून गेलं. नालछ्याहून एक हाड बसवणारा आणला. त्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. हाड बसलं, पण वाकडं बसलं. दोन महिने माणूस खाटेवर. उठून दाराशी जायचं तरी माझ्या खांद्यावर भार.

मी कोणाला कळू दिलं नाही. धारहून महिन्याला धान्याची गाडी यायची. गाडीवाला विचारायचा, "बाई, भिया किधर है?" मी म्हणायची, "धरमपुरी गए, बहन के यहां." बहीण कुठली? ह्यांना बहीणच नव्हती. पण सांगावं लागलं. साहेबांना कळलं असतं की राखणदार झोपून आहे, तर दुसरा माणूस आला असता. त्याला खोली लागली असती. आणि खोली एकच.

मग त्यांची सगळी कामं मी करायला लागले. वानरं हाकलायची, कौलं शाकारायची, गाय राखायची, वाटेवरचं गवत कापायचं. काम अंगाला जड नव्हतं. जड होतं ते हे, की एका जागी बसवत नव्हतं. बसले की वाटायचं गाडीचा आवाज आला. उठून कड्यापर्यंत जायची, वाट बघायची, परत यायची. खोलीत जायची, ह्यांचा पाय बघायची, परत बाहेर. हे म्हणायचे, "अगं, तू घाण्याचा बैल झालीस. टेक की जरा." मी म्हणायची, "तुम्ही टेकलाय ना दोघांच्या वाटचं."

दिवाळी झाली आणि निरोप आला. साहेब येताहेत, बाईसाहेब येताहेत, बरोबर आत्याबाई आणि आचारी. आठ दिवस मुक्काम. आत्याबाई म्हणजे साहेबांच्या वडलांची बहीण. लहानपणी विधवा झालेल्या, केस काढलेल्या, लाल आलवणातल्या, कडक सोवळ्याच्या. दिवसातून एकदा जेवायच्या, तेही आचाऱ्याने सोवळ्यात केलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा चुलीशी पदर पेटला होता, तेव्हापासून त्यांना चुलीजवळ जाऊ देत नव्हते.

मी चार दिवस झोपले नाही म्हटलं तरी चालेल. भिंतींना चुना दिला. जमीन सारवली. झाडावरची सीताफळं उतरवून भुशात घातली. उशिरा पेरलेल्या तुकड्यात थोडे कवळे भुट्टे होते ते काढले, साहेबांना भुट्ट्याचा कीस आवडायचा म्हणून. नवा मका दळून ठेवला. आणि येणारे दमून येतील, आल्याआल्या पाणी हवं, म्हणून बावडीच्या बासष्ट पायऱ्या उतरून-चढून रसोईतले तिन्ही रांजण तोंडापर्यंत भरले. घागरी भरल्या. चूल पेटवायला लकडी रचून ठेवली. मनात म्हटलं, आता कोणी बोट ठेवू शकणार नाही.

दुपारी गाडी आली. आचारी उतरला तो सरळ रसोईत गेला आणि तसाच बाहेर आला.

"हे पाणी कोणी भरलं?"

"मी भरलं, महाराज."

"तू?" त्याने कपाळावर हात मारला. "सगळं बाटवलंस! अगं, दर साली तुझा नवरा रांजण पालथे घालून ठेवतो. मी येतो, आंघोळ करतो, ओलेत्याने पाणी भरतो, मग चूल. एवढं तुला ठाऊक नाही? तो कुठे आहे?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. रसोईकडचं सगळं हेच बघायचे, मी गोठ्याकडची. आम्ही कामकरी लोक, आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नाही हे मला कळत होतं. पण भरून ठेवलेलं, झाकून ठेवलेलं, कोणी न प्यायलेलं पाणीही चालत नाही हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, आपण काम वाचवलं.

"धरमपुरीला गेलेत," मी म्हटलं.

त्याने तिन्ही रांजण ओतून दिले. माझ्या पायऱ्यांचं पाणी अंगणातून वाहत कड्यावरून खाली गेलं. मी बघत उभी राहिले. मग त्याने रांजण घासले, आंघोळ केली, ओलं धोतर नेसला आणि घागर घेऊन बावडीवर गेला. मी म्हटलं, "महाराज, खालच्या पायऱ्यांना शेवाळ आहे, जपून." तो म्हणाला, "तू दूर राहा म्हणजे झालं."

थोड्या वेळाने घागर आपटल्याचा आवाज आला.

पाण्यात नाही पडला, नशीब. पायरीवर पडला, पण उजवा हात अंगाखाली आला. मनगट हां हां म्हणता सुजलं. बोटं मिटेनात. आता हा माणूस भात वेळणार कसा?

बाईसाहेबांना स्वैपाक यायचा, पण त्याच दिवशी उतरता उतरता त्यांना कावळा शिवला. त्या ओसरीच्या टोकाला वेगळ्या बसल्या. साहेबांचं काही अडत नव्हतं. ते दौऱ्यावर फिरणारे, कोणाच्याही हातचं गुपचूप खायचे. अडलं आत्याबाईंचं. प्रवासात त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. संध्याकाळी दोन सीताफळं खाल्ली, ती पण साहेबांनी आणून दिलेल्या पाण्याने स्वतः धुऊन. गाडी तर धारला परत गेलेली, आठव्या दिवशी येणार.

साहेबांनी मला ओसरीसमोर बोलावलं.

"तुझा नवरा कधी येतोय?"

"येतील. उद्यापर्यंत."

"आला की त्याला लगेच धारला पाठव. दुसरा आचारी घेऊन यायचं. आत्याबाईंचं वय बघ, फळांवर किती दिवस काढणार? उद्या दुपारपर्यंत तो माझ्यासमोर हवा."

"जी."

मागे आले. खोलीत हे दाराकडे टक लावून बसलेले. सगळं ऐकलं होतं.

"मी जातो," म्हणाले.

"कुठे? खाटेखाली?"

"काठी दे. खुरडत जाईन. नालछ्यापर्यंत गेलो की कोणाची तरी गाडी भेटेल."

"घाट आहे मधे. त्याच घाटाने हे केलंय तुमचं." मी खाटेच्या कडेवर बसले, लगेच उठले. "गप्प पडा. आणि उद्या खोकू नका. खोकलात तर माझ्याशी गाठ आहे."

"खोकला काय मी हौसेने काढतो?"

सकाळी उजाडलं तसं मी आत्याबाईंकडे गेले. त्या आंघोळ करून ओसरीत जप करत बसल्या होत्या. मी अंगणातच उभी राहिले.

"आत्याबाई, एक विचारू?"

"तिथूनच विचार. पुढे येऊ नकोस."

"तुम्ही गावाला जाता तेव्हा वाटेत काय खाता?"

"दशमी. दुधात मळलेली. पाण्याचा थेंब लागला नाही की ती प्रवासात चालते. का गं?"

"इकडे भिल्लांच्या बाया पानिये करतात. मक्याचं पीठ मळायचं, पळसाच्या दोन पानांत दाबायचं आणि कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यावर भाजायचं. त्या पाण्यात मळतात. पण दुधात मळलं तर? मग पाणी नाही, भांडं नाही, तवा नाही, चूल नाही. रसोईत पाऊल पण टाकायला नको. अंगणातच होईल."

आत्याबाई माळ हातात तशीच धरून राहिल्या.

"मळणार कोण?"

"तुम्ही."

"आणि दूध?"

"तुमचा तांब्या तुम्हीच गाईखाली ठेवा, मी त्याला पदर लावत नाही, बोट लावत नाही. गाय तुमच्यासमोर पिळते. दूध तर सगळ्यांकडचं चालतं."

"चालतं," त्या म्हणाल्या. "पळसाचं पान तर देवाच्या नैवेद्याला चालतं. कंडे गाईचेच ना?"

"गाईचेच."

"मग विस्तव कोण बघणार? मला दिसत नाही."

"मी काठीने बघते."

मग म्हणाल्या, "काठीला सोवळं-ओवळं नसतं. आण पानं."

ओसरीच्या टोकावरून बाईसाहेब म्हणाल्या, "आत्याबाई, धारमध्ये कोणाला कळलं तर?"

"तू सांगितलंस तरच कळेल. तू वेगळी बसलीयेस, तिथेच बस."

मी पळतच गेले. पळसाची मोठी मोठी पानं तोडली, कवळी नाही, जरा निबर, नाहीतर जळून जातात. अंगणात गोठ्याच्या बाजूला, वाऱ्याचा आडोसा होता तिथे कंडे रचले. वारा सगळा कड्यावरून यायचा, दुसरीकडे विस्तव राहिला नसता. तिथे आमची खोली जवळ पडत होती, पण दुसरी जागा नव्हती.

आत्याबाईंना साहेबांनी हात धरून आणलं, पाटावर बसवलं आणि ते फिरायला निघून गेले. त्यांना वाटलं, हे आपलं म्हातारीचं मन रमवणं चाललंय. मी मक्याचं पीठ केळीच्या पानावर ओतून मागे झाले. आत्याबाईंनी मळायला घेतलं. डोळे नव्हते पण हात काय सांगू! मका गव्हासारखा जुळत नाही, तुटतो. त्यांनी दूध अंदाजाने थोडं थोडं घातलं, तळव्याने रगडलं, तूप चोळलं, मीठ त्यांच्या पुरचुंडीतलं. पानावर थापून वर दुसरं पान ठेवलं.

"माझ्या आईकडे, कोकणात, केळीच्या पानात करायचे," त्या म्हणाल्या. "तांदळाचं पीठ. पानगी म्हणायचे. नऊ वर्षांची होते मी, मला लग्न करून इकडे आणली. त्यानंतर आज पान हातात घेतलं." मग लगेच म्हणाल्या, "विस्तव लाल आहे की पांढरा?"

"वर पांढरा, आत लाल."

"मग ठेवते. तू सरक."

मी काठीने निखारे बाजूला केले, त्यांनी वाकून पानं ठेवली, मी काठीने वर कंड्याची राख ओढली. पान जळल्याचा वास सुटला, मग मक्याचा. मी उकिडवी बसून होते पण पाय आत नाचत होते. एक डोळा विस्तवावर, एक खोलीच्या दारावर. मनात म्हणत होते, एवढं पोटात गेलं की धारला माणूस पाठवायची गरज नाही. रोज असंच करता येईल. आठ दिवस निघतील.

तेवढ्यात धूर खोलीकडे वळला आणि हे खोकले.

आत्याबाईंनी मान वळवली. "कोण खोकलं?"

"गाय आहे. सर्दी झालीय तिला."

"गाय मघाशी माझ्यासमोर पिळलीस आणि चरायला सोडलीस. तिच्या गळ्यातली घंटा मला त्या बाजूने ऐकू येतेय." त्यांनी कड्याकडे हात केला. "मला दिसत नाही गं. ऐकू नीट येतं."

खोलीतून परत खोकला. आता दाबलेला, तोंडावर काहीतरी घेऊन.

"करपतील," आत्याबाई म्हणाल्या. "काढ ते."

मी काठीने पानिये बाहेर ओढले. वरचं पान काळं झालेलं, ओढलं की कागदासारखं निघून आलं. खाली मका पिवळा, खरपूस, पानाच्या सगळ्या शिरा त्यावर उठलेल्या. आत्याबाईंनी बोटं फिरवून त्या शिरा बघितल्या. मग तूप घातलं, एक मिरची घेतली आणि जेवायला बसल्या. जेवताना त्या बोलत नसत. मी समोर उभी. त्यांनी तीन खाल्ले. घाईने नाही, एकेक घास. मला वाटलं हा दिवस संपतच नाही.

हात धुऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

"दोन महिने. गाडी पायावरून गेली."

"मग चुना कोणी दिला? काल मी भिंतीला हात लावून आले, हाताला लागला."

"मी."

"आणि रांजण पण तूच भरलेस."

"हो."

"अगं, नवऱ्याला विचारायचं होतंस. त्याने सांगितलं असतं, रिकामे ठेव म्हणून."

"कामाचं काही विचारलं की ते उठायला बघतात," मी म्हटलं. "म्हणून मी विचारतच नाही."

आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मी सांगणार नाही. पण मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. ह्या वयात आणि भरल्या पोटी तर नाहीच. माझा भाचा फिरून येतोय. त्याच्या आधी तू जा."

साहेब ओसरीच्या पायरीवर बूट काढत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून पाठीमागे धरले. सगळं सांगून टाकलं. गाडी, पाय, धरमपुरीची बहीण, रांजण. रडले नाही. रडून सांगितलं असतं तर त्यांना उठून जाता आलं असतं.

त्यांनी दुसरा बूट काढला नाही, तसेच बसले.

"दोन महिने मला फसवलंस."

"जी."

"तो परत चालेल?"

"लंगडा चालेल. कधी ते ठाऊक नाही."

"मग इथे राखण कोण करणार? बाईमाणूस एकटी? इथे बिबट्या येतो. चोर आला तर कोण तुझं ऐकणार आहे?"

गोठ्याच्या बाजूने आत्याबाईंचा आवाज आला, "मी ऐकलं ना सकाळी. तिने सांगितलं तसं मका मळत बसले."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. "आत्याबाई, हे जेवणाचं नाही. घराचं आहे."

"घराचंच म्हणतेय मी. दोन महिने कोणी राखलं? एक कौल तरी फुटलंय का, बघितलंस?"

साहेबांनी खरंच वर कौलांकडे बघितलं. मग चुन्याकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हो म्हणतील, नाहीतर नाही म्हणतील. दोन्हीची मी तयारी केली होती. नाही म्हणाले तर बदनावर गावाच्या वाटेला लागायचं, तिकडे कापणीला माणसं लागतात असं ऐकलं होतं. ह्यांना खाटेसकट कसं न्यायचं तेही ठरवलं होतं.

"होळीला माझा माणूस येईल," ते म्हणाले. "तेव्हा पाहू."

एवढंच. मग त्यांनी दुसरा बूट काढला आणि विचारलं, "आत्याबाईंनी सगळे संपवले, की माझ्यासाठी काही उरलंय?"

उरलेले दोन मी त्यांना दिले. त्यांनी गुळाबरोबर खाल्ले. पुढचे सगळे दिवस अंगणात पानियेच झाले. आचारी लांब बसून, हात गळ्यात अडकवून, "दूध कमी झालं, निखारा जास्त झाला," असं सांगत राहिला. मी हो महाराज, हो महाराज म्हणत राहिले.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी खोलीत गेले तर हे भिंतीला टेकून बसलेले, घामाने भिजलेले. खोकला दाबून दाबून डोळे लाल.

"काय म्हणाले?"

"होळीला पाहू म्हणाले."

"म्हणजे ठेवलं?"

"नाही."

"काढलं?"

"नाही."

"मग काय म्हणाले काय?"

मी बाहेर जाऊन विस्तवाजवळची काठी आणली. राखेने काळी झाली होती, पदराने पुसली आणि त्यांच्यासमोर धरली.

"चार महिने आहेत. उठा. आजपासून दारापर्यंत. उद्या गोठ्यापर्यंत."

"आज? जरा दम तर घेऊ दे."

"धरा," मी म्हटलं.

त्यांनी काठी धरली. पहिल्यांदा उठताना काठी सटकली आणि दोघं खाटेवर पडलो. दुसऱ्यांदा उभे राहिले. दार सात पावलांवर होतं. तिसऱ्या पावलाला ते थांबले, म्हणाले, "दुखतंय." मी म्हटलं, "दुखू दे," आणि चौथं टाकायला लावलं.